शितावरून भात कळतो, पातेलं केवढं ते नाही

"या ग्रीक शहराने अमुक लाख नाणी पाडली" असं कुणी ठणकावून लिहिलेलं वाचलं की मला विचारावंसं वाटतं, मोजायला कोण गेलं होतं?

हे आकडे येतात ते प्राचीन नाणी तपासून ती पाडणारे ठसे किती होते ते मोजण्यातून. त्या पद्धतीबद्दल तक्रार नाही, ती तर भन्नाट आहे. पुढच्या बाजूचा ठसा ऐरणीत बसवलेला, मागच्या बाजूचा कारागिराच्या हातात, मध्ये चांदीची चकती, वरून हातोडा. हातातला ठसा थेट घाव खातो म्हणून लवकर फुटतो. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे दोन ठशांवरच्या अथेना देवीचे केस तंतोतंत जुळत नाहीत. अभ्यासक शेकडो फोटो शेजारी मांडून एका ठशातली भावंडं हुडकतात. ठशाला गेलेली चीर नाण्यागणिक वाढत जाते, त्यावरून आधीचं कोण, नंतरचं कोण तेही कळतं.

न सापडलेल्या ठशांचं काय? समजा १०० नाणी तपासली आणि त्यात १० ठसे एकेकदाच भेटले. मग पाडलेल्यांपैकी साधारण ९० टक्के नाणी आपल्या ओळखीच्या ठशांतली. हे गणित गणितज्ञ आय. जे. गुड यांनी १९५३ मध्ये मांडलं, मूळ कल्पना ॲलन ट्युरिंगची (हो, संगणकवाला तोच!). अट एवढीच की शितं पातेल्यात सगळीकडून उचललेली हवीत. सगळी नाणी एकाच पुरलेल्या हंड्यातली असली तर फसगत होऊ शकते.

इथवर मी सोबत आहे. मग एका ठशाने एवढी नाणी पाडली असं धरून कुणीतरी ठशांच्या संख्येला २०,००० किंवा ३०,००० ने गुणतं, आणि मी थांबतो. ग्रीसमधल्या डेल्फीत इ.स.पू. ३३६ च्या सुमारास जुन्या चांदीची नवी नाणी पाडली, त्याचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. नाण्यांचे अभ्यासक किन्स यांनी तो ठशांशी ताडून पाहिला: पुढच्या एका ठशामागे साधारण २३,००० ते ४७,००० नाणी. एकाच टांकसाळीचा हिशेब, तरी दुपटीचा फरक! बाकीच्या शहरांनी असे दगड ठेवलेले नाहीत. ठसा पहिल्याच दिवशी तडकला असेल, किंवा काम संपलं म्हणून धडधाकट असताना बाजूला पडला असेल. नाण्यांचे अभ्यासक टेड बट्री यांनी १९९० च्या दशकात या गुणाकारावर तोफ डागली, दुसरे अभ्यासक द कालाताय यांनी त्यांना उत्तर दिलं. मी बट्रींच्या बाजूचा. अर्थात, एका शहराचे ४० ठसे आणि दुसऱ्याचे ४ असतील तर तेवढी तुलना मलाही मान्य आहे.

शिवाय पाडलेली नाणी म्हणजे बाजारातला एकूण पैसा नव्हे. ग्रीक शहरंही एकमेकांच्या नाण्यांवर सर्रास आपला ठसा मारत. आपल्याकडचं उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचं. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून जास्त नाणी सापडली (त्यांवर ग्रीक अक्षरंही आहेत, म्हणून हे अगदीच अवांतर नाही). त्यातल्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलाय. ठसे मोजणाऱ्याच्या वहीत ती नवी नाणी, बाजारात मात्र चांदी तेवढीच.