जिनिव्याचा प्रश्न आणि माझा हजेरीपट

जानेवारी महिना. चौथीच्या पटावर सव्वीस नावं, वर्गात अकरा पोरं. बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेलेली, कुणी सांगलीकडं, कुणी थेट कर्नाटकात. तरीही त्या पंधराजणांच्या नावापुढं रोजची हजेरी लागलेली. लावली कुणी? मीच. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेवर होतो तेव्हा दोन हंगाम हे केलंय. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद जातं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. सगळ्यांना ठाऊक होतं, विचारत कुणी नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "जिनिव्यात बसून त्यांना आपलं काय कळतंय?" मीही म्हणायचो. आता वाटतं, आपण लिहून देऊ तेवढंच कळतंय. आणि आपण काय लिहितो ते वर सांगितलंच.

मुलांच्या हक्कांची संहिता १९८९ सालची. भारतानं ती ११ डिसेंबर १९९२ ला स्वीकारली. आज १९६ पक्ष, म्हणजे बहुतेक देशच, त्यात सामील आहेत. अमेरिकेनं १९९५ मध्ये सही केली, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही, पण तो त्यांचा प्रश्न. सामील झालेल्या देशानं दोन वर्षांत पहिला अहवाल द्यायचा आणि मग दर पाच वर्षांनी. तो तपासायला ही जिनिव्यातली १८ तज्ज्ञांची बालहक्क समिती. आपापल्या सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते तिथं नसतात, आणि स्वतःच्या देशाची पाळी आली की त्या सदस्यानं बाजूला बसायचं. सरकारी शिष्टमंडळासमोर साधारण सहा तास प्रश्नोत्तरं चालतात, दोन बैठकांत. त्याचं प्रक्षेपण घरबसल्या बघता येतं. एकदा बघाच. अधिकारी योजनांची नावं वाचत राहतात आणि समोरून कुणीतरी शांतपणे विचारतं, "पण मुलं किती? वयानुसार, मुली किती, कोणत्या भागातल्या?" मग कागदांची चाळवाचाळव सुरू होते. अशा वेळी मला माझा हजेरीपट आठवतो.

कारण तो आकडा कुठून येणार? उसतोडीचा हिशोब असतो कोयत्यावर. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली ती त्या जोडीच्या नावावर. दहा वर्षांची पोर पहाटे धाकट्याला सांभाळते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते, मोळी बांधायला हात लावते, पण तिचं नाव ना मुकादमाच्या वहीत, ना कारखान्याच्या दप्तरी. माझ्या पटावर मात्र ती हजर. म्हणजे कागदावर ती कामावर नाही आणि शाळाबाह्यही नाही. जिनिव्याला कुठल्या रकान्यातून दिसणार?

संहिता स्वीकारताना भारतानं कलम ३२ बद्दल, म्हणजे मुलांना कामातल्या शोषणापासून वाचवणाऱ्या कलमाबद्दल, एक निवेदन जोडलं होतं. आशय असा, की वेगवेगळ्या वयाची मुलं इथं काम करतात, प्रत्येक क्षेत्रात किमान वय लगेच ठरवणं व्यवहार्य नाही, टप्प्याटप्प्यानं करू. समितीनं २००० मध्ये सांगितलं, हे मागे घ्या. २००४ मध्ये पुन्हा. २०१४ मध्ये पुन्हा. दरम्यान शिक्षण हक्क कायदा आला. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा सुधारला, १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सरसकट बंदी झाली, पण शाळा सुटल्यावर घरच्या कामधंद्यात मदत करायची सवलत ठेवूनच. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे १३८ (कामाचं किमान वय) आणि १८२ (बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार) हे दोन्ही करार आपण मंजूर केले. यातलं किती समितीमुळं झालं, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. मीही सांगणार नाही.

समितीकडं पोलीस नाहीत, दंड नाही. शेवटी हातात येतात ती समारोपाची निरीक्षणं, म्हणजे एक कागद. पण तो कागद चिवट असतो. ब्रिटनला समितीनं १९९५ मध्ये पहिल्यांदा सुनावलं, की "वाजवी शिक्षा" म्हणून आईबापांनी मुलांना मारायची जी पळवाट कायद्यात आहे ती बंद करा. नंतरच्या प्रत्येक फेरीत तेच. स्कॉटलंडनं ती २०२० मध्ये बंद केली, वेल्सनं २०२२ मध्ये. इंग्लंडमध्ये २०२३ च्या तपासणीतही ती शाबूत होती. पंचवीस वर्षं! आणि तीही तिथल्या संस्था तो कागद घेऊन खासदारांच्या मागं लागल्या म्हणून. कागद आपोआप चालत नाही.

सरकारच्या अहवालासोबत संस्थांना स्वतःचा पर्यायी अहवाल पाठवता येतो. सुनावणीआधी समिती त्यांना बंद दाराआड भेटते, मुलांनाही भेटते. खरं काय ते या वाटेनं पोचतं. थेट तक्रारीचीही सोय आहे, २०१४ पासून, पण त्यासाठी वेगळा प्रोटोकॉल, म्हणजे संहितेला जोडलेला करार, मंजूर करावा लागतो आणि भारतानं तो केलेला नाही. म्हणून गंमत बघा, २०१९ मध्ये १६ मुलांनी हवामान बदलावरून समितीकडं धाव घेतली, त्यात हरिद्वारची एक मुलगी होती. तक्रार कुणाविरुद्ध? अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी, तुर्कस्तान. आपल्या देशाचं नाव तिला घालताच आलं नसतं. आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांत जा, म्हणून समितीनं ती तक्रार ग्राह्य धरलीच नाही, तो भाग वेगळा.

माझं गाऱ्हाणं समितीच्या नखं-दातांबद्दल नाहीच. संहितेचं कलम ४२ म्हणतं, ही संहिता मोठ्यांना आणि मुलांना माहीत करून द्या. कलम ४४ म्हणतं, आपले अहवाल आपल्या देशात लोकांना सहज मिळतील असं बघा. बावीस वर्षं शिकवलं, पण देशाचा अहवाल काही शाळेच्या कपाटात कधी आला नाही. ज्या रकान्यातून तो अहवाल सुरू होतो तो रकाना भरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताच नाही. असता तर मी खरी हजेरी लावली असती का? पद जाण्याची भीती तशीच होती. त्यामुळं उगाच हो म्हणत नाही.

निवृत्तीनंतर एकदा एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. म्हटलं, बालहक्क संहितेवर आपल्या देशानं दिलेला अहवाल मराठीत मिळेल का? टेबलावरच्या बाईंनी माझा अर्ज दोनदा वाचला, शेजारच्या टेबलावर दिला, परत घेतला. मग अगदी मनापासून मदत करायची म्हणून विचारलं, "काका, हे कोणत्या योजनेत येतं?"