इतकं उदास काय खेळतेस गं?

अंधाऱ्या, मोडून पडलेल्या जगातले गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न घरातून कधी ना कधी येतोच. आमच्याकडे मावशीचं ठरलेलं वाक्य आहे, "अगं आयुष्यात ताप कमी आहेत का, जरा काहीतरी चांगलं बघावं माणसाने." ही तीच मावशी जी रोज रात्री सुनेच्या दुधात विष कालवणारी सासू न चुकता बघते, पण ते असो.

लोक सरळ सांगून टाकतात की हे सगळं टेन्शन विसरायला असतं. मला नाही पटत. टेन्शन विसरायचं तर शेतीचे गोड गोड गेम पडलेत की, टोमॅटो लावा, गायी पाळा, मजा करा. मग आम्ही उपाशी मरणाऱ्या माणसांच्या घरात का जाऊन बसतो?

'धिस वॉर ऑफ माइन' घ्या. वॉर्सॉच्या ११ बिट स्टुडिओजचा २०१४ चा गेम, मागे प्रेरणा बोस्नियातल्या सारायेव्होच्या वेढ्याची, १९९२ ते १९९६, जवळजवळ चार वर्षं अख्खं शहर कोंडलेलं. यात तुम्ही सैनिक नसताच. तुम्ही पडक्या घरात अडकलेली दोन-चार साधी माणसं. दिवसा स्नायपरमुळे बाहेर पडता येत नाही, मग चूल जुळव, पाणी गाळ, उंदराचा सापळा लाव, सरपण संपलं की पुस्तकं जाळ. रात्री एकाने बाहेर जायचं आणि मिळेल ते आणायचं. एक घर आहे म्हातारा-म्हातारीचं. फ्रिजमध्ये खाणं आहे, औषधं आहेत, हत्यार नाही. म्हातारा अंगावर येत नाही, नुसता मागे मागे फिरत विनवत राहतो, आणि तुम्ही पिशवी भरत राहता कारण घरी एकजण तापाने फणफणलाय. सकाळी घरातलं वातावरण बदललेलं असतं, ज्याने चोरी केली तो खचून बसलेला असतो, कोणी चांगलं बोलत नाही. गेम तुम्हाला पॉइंट कापल्याचा मेसेज दाखवत नाही, लेक्चर देत नाही, काहीच नाही. मी तिथे लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. २०२० मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी हा गेम शाळेतल्या मुलांच्या वाचनाच्या यादीत घालायची घोषणा केली, ते मला अजिबात नवल वाटलं नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की अशा जगात तुमच्या करण्याला वजन असतं. चकचकीत गेममध्ये मी दोनशे माणसं उडवते आणि पुढच्या लेव्हलला नाचते. इथे एक डबा कमी आणला तर कोणीतरी उपाशी झोपतं. आणि खऱ्या आयुष्यात, खरं सांगू का, दिवसभर जे काही करते त्याने नक्की कोणाचं काय होतं हे मला महिनोन्‌महिने कळत नाही. एक्सेल शीट वर जाते, खाली येते, कुणीतरी 'नोटेड विथ थँक्स' लिहितं. त्यापेक्षा तो सूपचा वाडगा परवडला.

दुसरी गोष्ट सोबतीची. हिदेताका मियाझाकीने, म्हणजे नंतर 'डार्क सोल्स' वगैरे गेम केलेल्या जपानी माणसाने, 'डीमन्स सोल्स' या गेममधल्या मल्टिप्लेअरची, म्हणजे इतरांसोबत खेळण्याची, कल्पना कुठून आली ते एका मुलाखतीत सांगितलंय. बर्फात चढावर गाड्या अडकल्या होत्या, मागची गाडी पुढचीला ढकलत ढकलत सगळे वर निघाले, आणि मियाझाकीला थांबून थँक यू म्हणता आलं नाही कारण थांबला असता तर परत अडकला असता. त्या गेममध्ये तेच आहे. कोण कुठले अनोळखी लोक जमिनीवर मेसेज लिहून ठेवतात, पुढे दबा धरून बसलाय, जपून. (काही नालायक दरीच्या काठावर 'उडी मार' असंही लिहितात, आणि आपण मारतो.) एवढ्या भयाण जागी कोणीतरी आधी येऊन गेलंय याचं जे बरं वाटतं ना, ते लख्ख उन्हातल्या गेममध्ये मला कधी वाटलेलं नाही.

आणि हे कोडं काही नवीन नाहीये. शोकांत नाटक बघून लोक ढसाढसा रडतात आणि पुढच्या रविवारी परत तिकीट काढतात, हे का, यावर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी भांडून झालंय. लेखक न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली, म्हणजे थोडक्यात, पात्राशी एकरूपही व्हायचं आणि आपण आपल्या खुर्चीत बसलोय हे भानही ठेवायचं, आनंद या दोन्हींतून मिळून येतो. केळकरांसमोर कंट्रोलर नव्हता पण गेमला हे जितकं चपखल बसतं तितकं नाटकालाही बसत नसेल, कारण इथे चोरी माझ्याच अंगठ्याने होते.

अर्थात नुसता काळा रंग फासला की काम झालं असं नाही. प्रत्येक भिंतीवर रक्त, प्रत्येक माणूस हरामखोर, अशा ठिकाणी मला अर्ध्या तासात जांभया येतात, कारण सगळेच वाईट असतील तर मी काय करते याने फरकच पडत नाही. 'वॉरहॅमर ४०,०००' हे दूरच्या भविष्यातल्या युद्धांचं खेळातलं जग मला आवडतं ते त्यातल्या अतिरेकामुळे, दहा हजार वर्षं सिंहासनावर जवळजवळ प्रेत होऊन बसलेला सम्राट आणि त्याच्यासाठी रोज हजार बळी. ते साम्राज्यच भारी असं मनापासून मानणारेही महाभाग निघाले, शेवटी २०२१ मध्ये तो बनवणाऱ्या कंपनीलाच जाहीर सांगावं लागलं की बाबांनो हे व्यंग आहे.

आणि खुर्चीचं भान सुटलं की सगळं फिसकटतं. 'प्लेग इंक'मध्ये रोग बनवून जगभर पसरवायचा असतो, २०१२ चा गेम, मी लोकलमध्ये मजेत खेळायचे. २०२० मध्ये उघडला, नकाशा लाल व्हायला लागला आणि पोटात गोळा आला, काढूनच टाकला. माझा भाऊ मात्र नेमका त्याच दिवसांत रोज तो खेळत बसायचा. म्हणाला, निदान हा तरी माझं ऐकतो.