‘चूक तुझीच’ म्हटल्याने भरपाई बुडत नाही

कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. माझ्याकडे तो तिघांकडून आला, त्यातला एक स्वतः सुपरवायझर. मजकूर साधारण असा: ‘कामावर अपघात झाला तर मालकाची हयगय सिद्ध केल्याशिवाय एक रुपया मिळत नाही. चूक कामगाराची असेल तर विषयच संपला. ठेकेदाराच्या माणसाशी कंपनीचा संबंध नसतो. एकदा पैसे घेऊन सही केली की कोर्टातही काही चालत नाही. म्हणून मिळतंय ते घ्या आणि गप्प बसा.’

शेवटचं वाक्य वाचलं की हा मेसेज कोणाच्या सोयीचा आहे ते कळतं. पण एकेक मुद्दा घेऊ.

‘हयगय सिद्ध करा.’ इथेच सगळी गल्लत आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात पहिला प्रश्न चूक कोणाची हा नाहीच. अपघात कामामुळे आणि कामाच्या दरम्यान झाला का, एवढंच बघतात. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनला गार्ड (हात आत जाऊ न देणारा अडसर) होतं की नव्हतं, सेन्सर कोणी बंद केला, हे सिद्ध न करताही भरपाईचा हक्क उभा राहतो. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हे तत्त्व तसंच राहिलं. ‘जुना कायदा गेला, हक्कही गेला’ असं कोणी सांगत असेल तर तेही खोटं.

हयगय सिद्ध करावी लागते ती दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावला तर. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. तो दावा आणि कामगार भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढचा (नव्या संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’) अर्ज या दोन्ही वाटा एकदम धरता येत नाहीत, एक निवडावी लागते. कारखान्यात सुरक्षेचे नियम मोडल्याची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करायची असते. ते प्रकरण वेगळं, भरपाई त्याच्यासाठी अडून राहत नाही.

‘चूक कामगाराची असेल तर विषय संपला.’ नाही संपत. दारू किंवा नशा, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, गार्ड मुद्दाम काढून टाकणं, एवढ्याच कारणांवर मालकाला हात वर करता येतात. त्यातही मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर ही कारणंही चालत नाहीत. बारा तासांच्या पाळीत लक्ष उडालं, हात काढायला उशीर झाला, ही जाणूनबुजून केलेली मोडतोड नव्हे. आणि उत्पादन वाढावं म्हणून गार्ड सुपरवायझरनेच काढायला लावलं असेल, तर ते कामगाराच्या माथी कसं मारणार?

ठेकेदाराचा मुद्दा थोडक्यात उरकतो. काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं असेल आणि अपघात तिच्या ताब्यातल्या जागेत झाला असेल, तर भरपाई थेट कंपनीकडे मागता येते. मग कंपनीने ती ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्यांचं ते बघतील.

आता सहीचं. कामगार सगळ्यात जास्त घाबरतो तो इथे. हक्क सोडून देण्याचा करार कायद्याने रद्दबातल असतो. ठोक रकमेवर तडजोड झाली तर तिची नोंद आयुक्तांकडे करावी लागते. ती केली नाही तर मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि आधी दिलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त वजावट आयुक्तांच्या परवानगीशिवाय मिळत नाही. म्हणजे स्टॅम्पपेपरवर अंगठा घेऊन मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे घरच्यांच्या हातात परस्पर ठेवून भागत नाही, ते आयुक्तांकडेच जमा करावे लागतात.

‘मिळतंय ते’ म्हणजे किती, हाही हिशोब मांडून बघू. कामगाराचं वय ३०, पगार १५,००० (जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने हिशोबात पगार याहून जास्त धरत नाहीत), एका हाताची दोन बोटं गेली. पगाराचे ६० टक्के ९,०००. त्याला या वयाच्या २०७.९८ या गुणकाने गुणायचं, म्हणजे १८,७१,८२०. दोन बोटांसाठी कायद्याच्या परिशिष्टात २० टक्के अपंगत्व धरलं आहे, म्हणून ३,७४,३६४ रुपये. औषधपाण्याचा खर्च वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. परिशिष्टातला टक्काही दरवेळी शेवटचा नसतो. उंचावरून पडून एक हात गेलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये पूर्ण अपंगच मानलं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही.

हा हिशोब ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत नसलेल्यांसाठी, म्हणजे पाच-सहा माणसांच्या शेडमधल्यांसाठी किंवा पगार २१,००० च्या वर असलेल्यांसाठी. ईएसआयचं कार्ड असेल तर पैसे महामंडळाकडून येतात: बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के, कायमचं अपंगत्व राहिलं तर दरमहा रक्कम. मग मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. मात्र कार्डावरची नोंदणीची तारीख नीट बघा. अपघात सकाळी आणि नोंदणी त्याच दुपारी, असली कार्डंही निघतात.

मेसेजमध्ये शेवटी ‘कंपनीच्या गेटबाहेर झालेलं धरत नाहीत’ अशीही एक ओळ काही ठिकाणी जोडलेली दिसते. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक वॉचमन २००३ मध्ये पहाटे ३ च्या ड्युटीला मोटरसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. घर ते काम या प्रवासाचा वेळ, जागा आणि कामाशी संबंध जुळत असेल तर तो अपघातही कामावरचाच. त्या घराला मात्र बावीस वर्षं थांबावं लागलं, हेही खरं.

अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं. गावी परतलेल्याने कामाच्या शहरात खेटे घालायची गरज नाही, राहत्या ठिकाणच्या आयुक्तांकडेही अर्ज चालतो. हजेरीपत्रकात नाव नसेल तर पगाराचे फोनवरचे मेसेज, सोबतच्यांची साक्ष कामी येते. त्याहून मोठा पुरावा दवाखान्यातला पहिला केसपेपर. सोबत आलेला सुपरवायझर डॉक्टरला ‘घरी दारात बोटं सापडली’ असं सांगत असेल, तर हात बांधला जात असतानाच त्याला अडवा आणि ‘प्रेसवर काम करताना’ असं लिहून घ्या.