मिलची जमीन आणि कोळशाची दरी

आमच्या इंदूरच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एकच भांडण चालू आहे. हुकुमचंद ही कापडाची मिल बंद पडल्यापासून तिच्या आवारात आपोआप जंगल उगवलंय. ते राहू द्यायचं, की हाउसिंग बोर्डाने तिथे इमारती उभ्या करायच्या? दादा सिव्हिल इंजिनिअर. त्याचं म्हणणं, शहराच्या मधोमध साडेबेचाळीस एकर जमीन काय पोपटांसाठी ठेवायची? वहिनी झाडांच्या बाजूने, आणि उन्हाळ्यात इंदूर किती तापतं ते ती रोज स्क्रीनशॉट टाकून सांगते. मी मधेच विचारलं, ‘आणि मिलमजूर?’ दादाचं लगेच उत्तर, ‘त्यांचे पैसे मिळाले ना! तू तिकडे बसून ज्ञान नको देऊ.’

तिकडे म्हणजे ब्रिटनच्या साउथ वेल्समधलं अॅबरडेअर. कोळशावर वाढलेलं गाव. लांबलचक दरी, उतारावर एकाला एक चिकटलेली दगडी घरं, आणि खाण आता एकही नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हाताऱ्या खाणकामगारांकडून श्वासाचे व्यायाम करून घेते. एका आजोबांच्या हातावर निळसर रेघा आहेत, मला आधी ते गोंदण वाटलं होतं. खाणीत कुठे कापलं की जखमेत कोळशाची पूड बसायची, वरून कातडी धरायची आणि निळा रंग आतच राहायचा. छातीतल्या आजाराला डॉक्टरांचं नाव मोठं आहे, पण इथे सगळे नुसतं ‘डस्ट’ म्हणतात. ‘बाबा डस्टने गेले,’ इतकंच.

या आजोबांनीच मला टॉवर खाणीची गोष्ट सांगितली. हिरवॉनजवळची ही खाण, इथून चार-पाच मैलांवर. एप्रिल १९९४ मध्ये सरकारी कोळसा कंपनीने ती तोट्याची ठरवून बंद केली. तेव्हा २३९ कामगारांनी नोकरी गेल्याच्या भरपाईतून प्रत्येकी ८,००० पौंड काढले, खाण विकत घेतली आणि २ जानेवारी १९९५ ला वाजतगाजत परत आत उतरले. तोट्याची म्हणून टाकलेली ती खाण त्यांनी पुढे तेरा वर्षं चालवली. जानेवारी २००८ मध्ये ती थांबली ती काढण्याजोगा कोळसा संपला म्हणून. आता तिथे तारेला लटकून डोंगरावरून खाली सुटायचा झिपलाइनचा खेळ आहे. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. आजोबा एकदा नातवाला घेऊन गेले होते. कसं वाटलं विचारलं, तर म्हणाले, ‘महाग आहे.’

परदेशातलं सगळं गोड, असं मला म्हणायचं नाही. आमच्याच डोंगरापलीकडे अॅबरफॅन आहे. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी खाणीच्या कचऱ्याचा ढीग घसरला आणि शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. मदत म्हणून जगभरातून पैसे आले. उरलेले ढीग हटवायला सरकारने त्याच निधीतून दीड लाख पौंड काढून घेतले! ज्यांची मुलं गेली त्यांच्याच मदतनिधीतून. ते परत केले १९९७ साली, आणि तेही बिनव्याजी. आणखी दहा वर्षांनी वेल्सच्या सरकारने मोठी रक्कम दिली, तेव्हा कुठे हिशेब थोडाफार जुळला.

‘पैसे मिळाले ना’ म्हटलं की मला म्हणूनच कसंतरी होतं. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली. साधारण ४,८०० कामगार आणि वारसांच्या हक्काच्या सुमारे २२४ कोटींचा चेक सुपूर्त झाला २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. तेव्हा चाळिशीत असलेला माणूस आता सत्तरी ओलांडून गेला. अनेकजण वाट बघतच गेले, म्हणून तर यादीत वारस.

आणि आम्ही? आम्ही रामबागेतली मराठी मंडळी. शिक्षक, वकील, बँकवाले. मिल आमच्यासाठी वर्षातून एका रात्री असायची. अनंत चतुर्दशीला बाबा मला खांद्यावर बसवून जेल रोडला न्यायचे, झांकी बघायला. मिलमजुरांनी बनवलेले, दिव्यांनी लखलखणारे देखावे, हलणारे राक्षस, पाण्याचे फवारे, पुढे आखाड्यातली पोरं. कोणत्या मिलची पहिली आली यावर घरी सकाळपर्यंत वाद, पोहे-जलेबी खाताना तोच विषय. पण ते राक्षसाचे हात हलवणारे कोण होते, परदेशीपुऱ्यात कसे राहायचे, साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यावर त्यांना ऐकू किती यायचं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. अॅबरडेअरच्या म्हाताऱ्यांची छाती मी रोज स्टेथोस्कोप लावून ऐकते, आणि माझ्याच गावात सुतामुळे कोणाची छाती भरली याचा मला पत्ता नाही.

मिल बंद पडल्या, तरी त्यांच्या नावाच्या झांक्या आजही निघतात. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण. दरवर्षी महापालिकेकडे आणि विकास प्राधिकरणाकडे मदत मागायची, उधारी करायची आणि देखावा उभा करायचा. इकडे साउथ वेल्समध्येच ब्लॅनाव्हनच्या बंद खाणीचं संग्रहालय झालंय, तिथे जुने खाणकामगारच लोकांना हेल्मेट घालून जमिनीखाली नेतात, म्हणून ते जिवंत वाटतं. इंदूरला तर तसं काही नव्याने उभारायचीही गरज नाही. आहेच, फक्त त्याला छप्पर नाही.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: झाडं जेवढी वाचवता येतील तेवढी वाचवा, घरं बांधायचीच तर बांधा, पण त्या साडेबेचाळीस एकरांतला एक एकर झांकीवाल्यांच्या नावावर करा. सगळ्या मिलच्या झांक्या वर्षभर बनवता येतील असं उंच दाराचं पक्कं शेड, आणि शेजारी एक खोली, जिथे जुने कामगार बसतील आणि पोरांना मोटर-पट्टा जोडायला शिकवतील. लोकार्पणाचा फलक नसला तरी चालेल.

दोन दिवस कोणी काही बोललं नाही. मग रात्री दादाचा मेसेज आला, ‘झांकीची उंची किती असते ग? ट्रॉली धरून.’

वहिनीने खाली लिहिलं, ‘विजेच्या तारा बांबूने उचलतात, त्यावरून काढ अंदाज.’