कासवाची चोच नेलकटरने कापू नका, प्लीज

आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, मला चार जणांनी वेगवेगळा पाठवला कारण आमच्याकडे कासव आहे हे सगळ्यांना माहितीये. हेडिंग आहे 'पाळीव कासवाची चोच, डॉक्टरचा खर्च वाचवा'. आत लिहिलंय की चोच म्हणजे नखच, वाढली की घरच्या नेलकटरने कापा. कटलबोन, म्हणजे कटलफिश या समुद्री जीवाच्या अंगातलं पांढरं हाड, ठेवा म्हणजे परत वाढणारच नाही. कासवाला दात नसतात म्हणून मऊच द्या, काकडी, टोमॅटो, दूध-पोळी. आणि तोंडात पांढरं दिसलं तर हळद-मध लावा नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा. खाली अंगठेच अंगठे. मला राहवलं नाही म्हणून एकेक करून लिहितेय, मोठं होईल, पण कासव असेल तर वाचा.

आधी नेलकटर. चोच नखाच्याच पदार्थाची असते, केराटिनची, इथवर बरोबर आहे. ती आयुष्यभर वाढते हेही खरं. पण नखाच्या पुढच्या टोकाखाली काही नसतं, चोचीच्या खाली जबड्याचं हाड असतं आणि मध्ये रक्तवाहिन्या आणि नसा असलेला जिवंत थर असतो. नेलकटर किंवा पक्कड दोन बाजूंनी दाब देऊन तोडते, वाळलेली जाड चोच त्या दाबाने सरळ तुटत नाही, ती उभी चिरते. हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमचा खंडू हर्मन जातीचा, भूमध्य समुद्राकडचा, सहा वर्षांपूर्वी इथे इंग्लंडमध्येच एका घरातून आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या वरच्या चोचीला मधोमध चीर होती आणि ती नाकपुडीच्या दिशेने वर चाललेली. आधीच्या घरात कुणीतरी प्रेमानेच पक्कड लावली होती. ती चीर झिजून, भरून, खाली सरकत निघून जायला वर्षाच्या वर लागलं आणि तेवढा काळ तो कडक काही चावायला गेला की मागे व्हायचा, बघवायचं नाही.

सरीसृप बघणारे व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, बारीक फिरत्या ग्राइंडरने चोच थोडी थोडी घासतात, कापत नाहीत, आणि फारच वाढली असेल तर एका बैठकीत सगळं करतही नाहीत. डोकं आत ओढून घेणाऱ्या कासवाला गरज पडली तर गुंगी देतात. घरी आपण काय करतो, मान धरून खेचतो. कासव जीव खाऊन मागे ओढतं, आपण पुढे, आणि त्यात मानेला इजा होते.

आणि मुळात ती वाढलीये का हे तरी बघा. हर्मनची वरची चोच खालचीवर जराशी येतेच, पुढे बोथट टोकं असू शकतात, तो त्याचा आकारच आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाच्या चोचीवर बारीक पांढरा कण असतो, कवच फोडायला, तो आपोआप पडतो. एका बाईंनी तोच नखाने खरवडून काढला होता, खूप वाईट वाटलं ते ऐकून. महिन्यातून एकदा समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेवा, फरक फोटोत कळतो, रोज बघणाऱ्या डोळ्याला कळत नाही.

बरं वाढलीच, पोपटासारखी खाली वळली, तर ती का वळली? मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही आणि माझा खरा राग त्यावर आहे. चोच बरेचदा वळते कारण खाणं चुकलेलं असतं नाहीतर उजेड. कॅल्शियम कमी आणि अतिनील प्रकाश, म्हणजे यूव्हीबी, कमी, तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, हाडं मऊ पडतात, जबडाच वाकतो आणि वरची-खालची चोच एकमेकींवर बसत नाही. मग झिजणार कशी? तुम्ही दर दोन महिन्यांनी कापत बसाल आणि आत हाडं तशीच मऊ राहतील. लोक म्हणतात आमच्याकडे खिडकीत ऊन येतं. काचेतून ऊब येते, यूव्हीबी जवळजवळ येतच नाही. म्हणून कासवाच्या जागेवर यूव्हीबीची ट्यूब लावतात, पण ती वरून पेटलेली दिसली तरी आतला यूव्हीबी हळूहळू उतरतो, म्हणून बऱ्याचशा ट्यूबा साधारण वर्षभराने बदलाव्या लागतात. मी ट्यूबवर मार्करने तारीख लिहिते.

कटलबोनबद्दल फार भांडत नाही. ठेवा, कॅल्शियम मिळतं, आमच्याकडेही आहे. पण तो आपल्या नखाने खरवडला जातो इतका मऊ असतो, त्याच्या भरवशावर चोच झिजेल असं धरू नका. शिवाय काही कासवं त्याला तोंडही लावत नाहीत.

मऊ खाणं. दात नाहीत म्हणून मऊ द्या हे ऐकायला पटतं पण अगदी उलटं आहे. चोचीची धार कात्रीसारखी चालते. बाहेर फिरणारं हर्मन पान तोंडात धरतं, पुढचा पाय त्यावर रोवतं आणि मान मागे ओढून फाडतं, त्या ओढाताणीत, देठाच्या चिवटपणात आणि पानावरच्या मातीत चोच झिजते. काकडीच्या चकत्यांत यातलं काय आहे? पाणी आहे नुसतं. आम्ही खंडूला डँडेलियन देतो, दिसायला आपल्या पाथरीसारखीच भाजी, शिवाय प्लँटेन, म्हणजे केळं नव्हे, इथलं एक पानांचं तण, जास्वंदीची पानं-फुलं, आणि हे सगळं खडबडीत स्लेटच्या लादीवर ठेवतो म्हणजे खाताना चोच दगडाला घासते. पानं बारीक चिरून देऊ नका, अख्खी द्या, त्यालाच फाडू दे. टोमॅटो आणि फळांची साखर या जातीच्या पोटाला झेपत नाही. आणि दूध-पोळी, अहो सरीसृप आहे तो, दूध पचवायची सोयच नाही त्याच्या पोटात. कुत्र्या-मांजराचं खाणंही नको, एवढं प्रोटीन त्याच्यासाठी नाहीच.

आता हळद-मध आणि पेरॉक्साइड, ज्यामुळे मी हे लिहायला बसले. कासवाचं निरोगी तोंड आतून फिकट गुलाबी आणि ओलसर असतं. जिभेवर किंवा टाळूवर पिवळट-पांढरे थर दिसले, लाळ गळतेय, वास येतोय, पुढच्या पायाने तोंड पुसल्यासारखं करतंय, खाणं सोडलंय, तर तो तोंडाचा संसर्ग असू शकतो, आणि त्याच्या मागे जिवाणू असतात किंवा कासवांमधला हर्पिस विषाणू. सरीसृपांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, तो धुवून निघत नाही. खरवडलात तर खालून रक्त येतं. पेरॉक्साइडने भरून येणारी कातडीही भाजते. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं आणि कासवाला आपल्यासारखं खोकता येत नाही, तोंडात ओतलेलं फुफ्फुसात गेलं तर बाहेर काढायचं कसं त्याने? हळदीने सगळं पिवळं होतं, मग व्हेटला खरा रंगच दिसत नाही. आपल्या आईने आपल्या जखमेवर हळद लावली ते ठीक आहे, माझ्याही लावलीये.

हर्पिस असेल तर तो स्वॅब घेऊन तपासल्याशिवाय कळत नाही. बरं दिसायला लागलेलं कासवही विषाणू बाळगून राहतं. काही जाती, जसं मांडीवर काटे असणारी ग्रीक कासवं, वरून धडधाकट दिसत असतानाही तो घेऊन फिरतात आणि हर्मनला तोच जिवावर बेततो. म्हणून वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवू नका आणि नवीन कासव सहा महिने तरी वेगळं ठेवा, भांडी वेगळी, मध्ये हात धुवा. ऊब हीसुद्धा औषधाइतकीच लागते, थंड पडलेल्या कासवाचं शरीर संसर्गाशी लढू शकत नाही आणि औषधही नीट लागू पडत नाही. शीतनिद्रेतून उठल्यावर तर खास लक्ष द्या, तेव्हा अंगात पाणी आणि ताकद दोन्ही कमी असतात. रोज कोमट पाण्यात बसवा, आठवड्यात खायला लागलं नाही तर दाखवा.

हा मेसेज पुण्या-मुंबईलाही गेलाय म्हणून थोडं तिकडच्यांसाठी. घरात तारा कासव असेल, पाठीवर चांदणीसारख्या पिवळ्या रेघा असतात ते, तर ते पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. त्याची चोच बघण्याआधी वनविभागाला फोन करा. दुकानात मिळणारं डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव वेगळंच, त्याचं खाणं वेगळं, वर लिहिलेलं त्याला लावू नका.

आणि शेवटी त्या मेसेजखाली ज्या ताईंनी विचारलंय की कासवाच्या तोंडात पांढरं दिसतंय, चार दिवस खाल्लं नाही, पेरॉक्साइड किती पाणी घालून लावू. ताई, काहीच लावू नका. आजच व्हेटला फोन करून विचारा की सरीसृप बघता का, नसतील तर कोण बघतं ते त्यांनाच विचारा. डब्यात टॉवेल घाला, थंडी असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा म्हणजे त्याला बाजूला सरकता येईल. त्याच्या जागेचा आणि दिव्याचा फोटो घ्या, ट्यूब कधी आणली ती तारीख आठवून ठेवा, आणि घरात दुसरं कासव असेल तर त्याला आत्ताच वेगळ्या खोलीत हलवा. रात्री कधीही मेसेज करा, मी जागी आहे.