शॉकअपमध्ये २०डब्ल्यू४० ओतायच्या आधी

जुन्या मोटरसायकलींविषयीचा एक सल्ला व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात तो असा: पुढच्या शॉकअपमधलं, म्हणजे फोर्कमधलं, ऑईल त्याचं सील गळायला लागेपर्यंत बदलायची गरज नाही. बदलायचं झालंच तर इंजिनात टाकतो तेच २०डब्ल्यू४० टाका, फोर्क ऑईल ही निव्वळ लूट आहे. खालचा स्क्रू काढून जुनं सोडलं की काम झालं. आणि ब्रेक मारल्यावर गाडी नाक खुपसत असेल तर थोडं जास्त ओता, शॉकअप कडक होतो. यात अर्धसत्य एकच आहे, बाकी सगळं गाडीच्या मुळावर येणारं.

अर्धसत्य इंजिन ऑईलचं. ब्रिटिश बांधणीच्या जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये फोर्कसाठी एसएई २० किंवा ३० चं साधं इंजिन ऑईल सांगितलेलं सापडतं. तो फोर्क त्या ऑईलच्या हिशेबानेच बनवलेला होता, म्हणून त्याला ते चालतं. त्यावरून स्प्लेंडरला किंवा पल्सरलाही २०डब्ल्यू४० चालेल, असं काही निघत नाही.

डब्यावरचा ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणावरून येतो. इंजिन तेवढं तापतं. शॉकअप हवेच्या तापमानापेक्षा थोडाच वर जातो. त्यामुळे तुलना ४० अंशांवर करायची. तिथे १०डब्ल्यू फोर्क ऑईल साधारण ३० ते ३५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक) भरतं आणि २०डब्ल्यू४० शंभराच्या बरंच वर, १२० च्या आसपास. म्हणजे तिपटीहून दाट, आणि तेही नाशिकच्या भर एप्रिलात. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा हा फरक आणखी वाढतो. सकाळी सहाला दुधाचे कॅन लावून निघालेल्या गाडीचा शॉकअप दगडासारखा का वाटतो, त्याचं उत्तर इथे आहे.

दाट ऑईल म्हणजे नुसती कडक गाडी, एवढ्यावर हे थांबत नाही. जुन्या फोर्कमध्ये ऑईल एका पोकळ दांड्याच्या ठरावीक छिद्रांतून ढकललं जातं. छिद्रातून ढकलायचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: दाबायचा वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट. टोकदार खड्ड्यात चाक झटक्याने वर येतं, तेव्हा हा विरोध आधीच भरपूर असतो. त्यात ऑईल दाट असेल तर झटका थेट हँडलवर येतो. उलट बाजूही आहे, आणि ती कोणी सांगत नाही. दबलेला शॉकअप परत उघडायलाही दाट ऑईल आडवं येतं. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधल्या खडीच्या रस्त्यावर एकामागून एक उंचवटे येतात. पहिल्यातून शॉकअप पुरता उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. पाचव्या-सहाव्या उंचवट्याला तो जवळजवळ तळाशी बसलेला असतो. चालवणाऱ्याला वाटतं स्प्रिंग मेली. स्प्रिंग ठणठणीत असते.

फोर्क ऑईल घेतानाही नुसत्या ‘१०डब्ल्यू’वर जाऊ नका. या आकड्याबाबत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. एकीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १५डब्ल्यूच्या जवळ निघू शकतं. बाटलीवर किंवा माहितीपत्रकात ४० अंशांचे सेंटिस्टोक दिलेले असतात, ते पाहा. अगदीच नड असेल तर पॉवर स्टिअरिंगसाठी मिळणारं एटीएफ ४० अंशांना ३५ च्या आसपास असतं. ते २०डब्ल्यू४० पेक्षा शंभर पटींनी बरं.

‘थोडं जास्त ओता’ हा यातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला. शॉकअपच्या पाइपात ऑईलच्या वर हवा असते आणि ती दुसऱ्या स्प्रिंगचं काम करते. ३० मिमीच्या पाइपाचा आतला व्यास साधारण २६ मिमी धरा. त्यात ४० मिली जास्त ओतलं तर पातळी तब्बल साडेसात सेंटिमीटर वर येते. समजा योग्य पातळीला शॉकअप पूर्ण उघडा असताना आत १६५ मिली हवा आहे आणि पूर्ण दबल्यावर ८० मिली उरते. दाब दुपटीच्या थोडा वर जातो. आता ४० मिली जास्तीचं ऑईल घाला. १२५ ची हवा ४० वर येते, दाब तिपटीच्या पुढे. हा सगळा भार ऑईल सीलच्या ओठावर. कसारा घाट उतरताना ब्रेक दाबलेला, मागे माणूस बसलेला, त्यात खड्डा आला की सील हार मानतं. आणखी भरलं असेल तर हवेला जागाच उरत नाही आणि शॉकअप तळाला जायच्या आधीच ठप्प होतो.

नाक खुपसण्याचा इलाजही ऑईलमध्ये नाही. वजन स्प्रिंग पेलते. ऑईल फक्त खाली जाण्याचा वेग ठरवतं. स्प्रिंग काढून तिची मोकळी लांबी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. कमी भरली तर दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदम बदला.

‘गळेपर्यंत बदलू नका’ याला फार शब्द खर्चायला नकोत. स्प्रिंग पाइपाला आतून घासते, बुश झिजतात, बॉटमचं (पाइप ज्यात सरकतो त्या खालच्या नळकांड्याचं) ॲल्युमिनियम झिजतं, टोपीच्या रिंगमधून आणि सीलमधून ओलावा शिरतो. हे सगळं ऑईलमध्येच साठतं, कारण फोर्कला फिल्टर नसतो. त्याच घाणीने पुढे सील खाल्लं जातं. म्हणजे गळती ही बदलायची खूण नाही, उशीर झाल्याची आहे. १५ ते २० हजार किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी येईल ते. खडीच्या रस्त्यावर रोज जाणारी गाडी असेल तर त्याच्याही आधी.

आता खालच्या स्क्रूचं. बऱ्याच नव्या गाड्यांना तो नसतोच. जुन्यांना असला तरी त्यातून वरवरचं ऑईल येतं. तळाचा काळा गाळ आणि दांड्यात अडकलेलं तिथेच राहतं. त्यावर मापाचं नवीन पूर्ण ओतलं की पातळी आपोआप जास्त होते. म्हणूनच काही मॅन्युअलमध्ये दोन मापं असतात: नुसतं सोडून भरताना कमी, पूर्ण उघडून धुतल्यावर जास्त. वर्षानुवर्षं न उघडलेला शॉकअप असेल तर तो काढाच.

इंजिनाखाली टेकू द्या, पुढचं चाक आणि मडगार्ड काढा. वरच्या टीचा (दोन्ही पाइप धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्टीचा) बोल्ट ढिला करा, पण खालची टी आवळलेलीच असू द्या आणि पाइपाची टोपी तिथेच अर्धा आटा सैल करा. शॉकअप बाहेर काढल्यावर ती सुटता सुटत नाही. टोपीखाली स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून शेवटच्या आट्यांना तळहाताने दाबून धरा आणि चेहरा बाजूला ठेवा. शॉकअप उलटा करून पंपासारखा दहा-पंधरा वेळा दाबा. डिझेलने धुतलात तर पूर्ण निथळू द्या आणि शेवटी थोड्या नव्या ऑईलने खंगाळा. आत उरलेलं डिझेल नवं ऑईल पातळ करतं.

सील बदलायचं असेल तर तळाचा ॲलन बोल्ट काढावा लागतो, आणि बऱ्याचदा आतला दांडाही त्याच्याबरोबर फिरत बसतो. अशा वेळी स्प्रिंग आणि टोपी परत बसवून शॉकअप दाबून धरा, दांडा पकडला जातो. त्या बोल्टचा तांब्याचा वायसर नवीनच घाला. नाहीतर सील नवं आणि गळती खालून, अशी गत होते. नवीन सील घालताना पाइपाच्या कडेवर प्लास्टिकची पिशवी चढवा आणि सीलच्या ओठाला ऑईल लावा. पाइपावर सीलच्या पट्ट्यात गंजाचे खड्डे नखाला लागत असतील तर नवं सील काही आठवड्यांचंच सोबती. पाइप बदला किंवा हार्ड क्रोम करून घ्या.

भरायचं माप एका बाजूला साधारण दीडशे ते दोनशे मिली असतं, पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचाच. त्याहून भरवशाची पातळी. स्प्रिंग बाहेर, शॉकअप पूर्ण दाबलेला, पाइप उभा. हवा निघेपर्यंत आठ-दहा वेळा हलकेच पंप करा, दहा मिनिटं थांबा आणि पाइपाच्या वरच्या कडेपासून ऑईलपर्यंतचं अंतर मोजा. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, नळीवर हव्या त्या अंतरावर टेप लावा. ऑईल थोडं जास्त भरा आणि नळी टेपपर्यंत सोडून वरचं ओढून घ्या. दोन्ही बाजू मिलिमीटरला सारख्या येतात.

चाक बसवल्यावर एक्सल शेवटचा आवळण्याआधी गाडी स्टँडवरून उतरवून पुढून चार वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाइप आपापल्या रेषेत येतात. पाइप कोरड्या फडक्याने पुसा, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि पाहा. पुसट ओलसर रेघ चालते. थेंब दिसला, किंवा ओघळ डिस्ककडे निघालेला दिसला, तर ब्रेक पॅड पुसत बसू नका. गाडी उभी करा आणि सील पुन्हा उघडा.