खुलासा : १९४१चा ब्रिटिश कायदा आणि कचेऱ्यांतील स्त्रिया
ब्रिटनने १९४१मध्ये सरकारी कचेऱ्यांतील सर्व स्त्रियांना कामातून मोकळे करून बंदुकीसह आघाडीवर धाडले, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १८ डिसेंबर १९४१ रोजी संमत झालेल्या राष्ट्रीय सेवा कायद्यानुसार सक्तीची भरती प्रथम २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रिया आणि मूल नसलेल्या विधवा यांच्यापुरतीच होती, आणि सैन्याची साहाय्यक दले, नागरी संरक्षण किंवा उद्योग यांतून त्यांना निवड करता येत असे. स्त्रीच्या लेखी संमतीविना प्राणघातक शस्त्र वापरण्याची सक्ती तिच्यावर करता येत नसे, असे त्या कायद्याच्या मजकुरातच आहे. संदेशातून नेमकी हीच महत्त्वाची तरतूद गळली आहे. कचेऱ्यांनाही माणसे हवीच होती, म्हणून विवाहित स्त्रियांच्या सरकारी नोकरीवरील बंदी युद्धकाळात शिथिल झाली आणि १९४६मध्ये उठली. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.